काम म्हणजे काम नव्हे! लिफ्टच्या पाटीसाठी एक शब्द सुचवा

उंबरठा

मंडळी, एक शब्द हवाय. ऐकायला किरकोळ वाटेल, पण काल आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरचा विषय बाजूला राहिला आणि यावर पाऊण तास वाद झाला, म्हणून इथे टाकतेय.

घोडबंदर रोडला आमची बावीस मजली बिल्डिंग, दोन लिफ्ट. मागच्या महिन्यात त्यातली एक बारा आणि तेराच्या मध्ये अडकली. आत सतराव्या मजल्यावरच्या काकू, हातात मेथीच्या दोन जुड्या, आणि क्लासहून परतणारा सातवीतला एक मुलगा. घंटेचं बटण कधीचंच मेलेलं, तो वेगळा विषय. आतल्या स्टीलच्या पाटीवर इंग्रजीत 'स्टे काम' आणि त्याखाली मराठीत 'शांत रहा'.

वॉचमन एकेक मजला चढत दारांवर थाप मारून विचारत होता, 'आत कोण आहे का?' मुलगा ओरडणार तेवढ्यात काकूंनी त्याला दटावलं. 'वाचता येतं ना? शांत रहा लिहिलंय.' आतून हूं की चूं नाही, म्हणून वॉचमनने लिफ्ट रिकामी आहे असं समजून मेंटेनन्सवाल्याला फोनवर सांगितलं, सावकाश या. पंचवीस मिनिटं गेली. दार उघडलं तेव्हा काकूंची मेथी निवडून झाली होती.

आता नवीन पाटी करायची आहे, आणि मी मराठी घेऊन बीए केलंय या गुन्ह्याबद्दल ती माझ्याकडे आलीय. 'काम'साठी (सी-ए-एल-एमवाला) असा शब्द सुचवा की माणूस घाबरणार नाही आणि मुकाही होणार नाही. पाटी वीतभर आहे, निबंध बसणार नाही.

कोपरीकर

'घाबरू नका.' घ्या. धागा बंद करा.

उंबरठा

@कोपरीकर, हे मीच पहिल्यांदा सुचवलं होतं. सेक्रेटरींचं म्हणणं, 'घाबरू नका' वाचलं की माणसाला आधी कळतं की इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे. सुई हातात घेऊन डॉक्टर 'घाबरू नका हं' म्हणतात तसं. मला ते थोडं पटलंही.

अनुस्वार

आधी एक दुरुस्ती. 'रहा' नव्हे, 'राहा'. लेखनाच्या नियमांत 'राहा' आहे. स्टीलवर कोरणार असाल तर निदान बरोबर कोरा.

आता मुद्दा. 'शांत' या एका विशेषणाच्या पोटात मराठीत तीन वेगळी नामं आहेत. शांतता, शांती आणि शांतपणा. शांतता म्हणजे आवाज नसणं, वाचनालयातली 'शांतता राखा'. शांतीला धर्माचा वास आहे: वास्तुशांती, ग्रहशांती, मृतात्म्यास शांती. साठी झाली की आपण चक्क 'साठीशांत' करतो. तुम्हाला हवा आहे तो तिसरा, शांतपणा. 'तिने शांतपणे गॅस बंद केला आणि खिडक्या उघडल्या' यातला. पण आज्ञा करायची वेळ आली की तिन्हींचं मिळून एकच 'शांत राहा' होतं, आणि ऐकणारा त्यातला सगळ्यात सोपा अर्थ उचलतो, तोंड बंद. काकूंनी मराठी व्याकरणाला धरूनच वागणूक केली.

इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत. आवाज नको असेल तर 'क्वाएट', गोंधळ नको असेल तर 'काम'. मोठ्याने बोलणारा माणूस काम असू शकतो. आमच्या शाळेतले पीटीचे सर होते तसे. आवाज मैदानाबाहेर जायचा, पण पोराचा हात मोडला तेव्हा सगळ्यांत स्थिर तेच.

पामबीच_वासी

वाखुसा (वाचनखूण साठवली). 😄

ऐरोलीत आमच्या ऑफिसात घडलेलं. रिलीजच्या रात्री कॉलवर मॅनेजर म्हणाला, 'गाइज, काम डाऊन.' नुकताच सांगलीहून आलेला एक पोरगा खुर्चीतून ताडकन उठला, 'काय डाऊन झालं सर?' आणि सर्व्हर बघायला धावला. काम डाऊन झालं म्हणजे नोकरीच गेली की हो!

बाकी, 'काम डाऊन' म्हटल्यावर शांत झालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. घरी एकदाच 'तू आधी शांत हो' म्हणून बघितलं. त्यानंतर दोन दिवस डबा कँटीनचा होता.

पेन्शनीत_मास्तर

ऐरोलीतच राहतो, तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. या शब्दावर मला बोलायला कोणी आजवर विचारलं नव्हतं, तेव्हा थोडं लांबेल.

पहिलं, उच्चार. यातला एल मुका आहे. मुलं 'काल्म' म्हणायची, मी फळ्यावर तीन शब्द लिहायचो: काम, पाम, बाम. नवी मुंबईत पाम बीच रोडला 'पाल्म बीच' म्हणणारा रिक्षावाला मला भेटलेला नाही, आणि कपाळाला 'बाल्म' चोळणारी आजीही नाही. दोन्हींत एल आहे आणि दोन्हींत आपण तो बिनचूक गिळतो. काममध्येच तेवढा बाहेर काढायचा मोह होतो, बहुधा 'काम' म्हटलं की आपलं काम आठवतं म्हणून. (अमेरिकेत बरेच जण थोडा एल उच्चारतात, तेव्हा नातू तिकडून येऊन भांडला तर त्यालाही चूक म्हणू नका.)

दुसरी गंमत या एलचीच. शब्दाचं मूळ ग्रीक 'काउमा', त्यात एल नाहीच. काउमा म्हणजे जाळ, रणरणतं ऊन. पुढे लॅटिनमध्ये गेल्यावर तिथल्या 'कालेरे', म्हणजे तापणे, या शब्दाच्या सावलीने त्यात एल शिरला. कॅलरीतला एल त्याच घरातला. इटालियनमध्ये 'काल्मा', फ्रेंचमध्ये 'काल्म', आणि इंग्रजीत आल्यावर लिहिण्यात राहिला, जिभेवरून गेला. म्हणजे उपरा आला, कागदोपत्री नाव लावून घेतलं आणि राहायला गेला दुसरीकडेच. आपल्याकडे असे भाडेकरू असतात.

आता तुम्ही म्हणाल, जाळ कुठे आणि शांतपणा कुठे. डोळ्यांसमोर मे महिन्यातली दुपार आणा. दीड-दोनची वेळ. पान हलत नाही, कुत्रं गाडीखाली जीभ काढून पडलंय, माणूस वामकुक्षी करतोय. टळटळीत उन्हामुळेच सगळं थांबलेलं. तेच काउमा. आधी ऊन, मग उन्हातला विसावा, मग वारा पडलेला समुद्र. इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द आला तो समुद्राला लावायला. माणसाच्या मनाला लावायला सोळावं शतक उजाडावं लागलं. स्पॅनिश लोकांची 'सिएस्ता' हीसुद्धा लॅटिनमधल्या 'सहाव्या' तासावरून आली, म्हणजे माध्यान्ह.

तिसरं, पाटीच्या कामाचं. 'स्टे काम' आणि 'काम डाऊन' यांत फरक आहे, आणि तो मराठीत 'राहा' आणि 'व्हा' मध्ये जसाच्या तसा आहे. 'शांत राहा' म्हणजे तुम्ही शांत आहातच, तसेच राहा. 'शांत व्हा' म्हणजे तुम्ही आत्ता नाही आहात. दुसऱ्यात आरोप आहे. पामबीच_वासी यांचा डबा त्या आरोपाने गेला.

आठची_स्लो

म्हणजे पुण्यातली दुपारी एक ते चार बंद दुकानं ही ग्रीक परंपरा आहे तर. ह.घ्या. (हलके घ्या)

रबाळे_शिफ्ट

मास्तर, ते काउमा आणि कॉस्टिक यांचा काही संबंध? आमची अख्खी हयात एमआयडीसीत कॉस्टिकच्या टाकीशेजारी गेली.

पेन्शनीत_मास्तर

@रबाळे_शिफ्ट, सख्खे चुलत! ग्रीकमध्ये जाळणे या धातूपासून दोन्ही निघाले. कॉस्टिक म्हणजे जाळणारं. तुमच्या टाकीत जळजळ राहिली, आणि यांच्या लिफ्टमध्ये शांतपणा आला.

रबाळे_शिफ्ट

आमच्या सेफ्टी ऑफिसरला सांगतो. आमच्या टाकीवर 'डेंजर', त्याच्या भावावर 'स्टे काम'.

एक सांगायचंय. आमच्याकडे कॉस्टिक अंगावर उडालं तर काय करायचं ते शिकवतात. 'शांत राहा' हा शब्द त्यात कुठेच नाही. 'शॉवरखाली जा. कपडे उतरवा. पाणी बंद करू नका.' इतकंच. हाताला उद्योग दिला की डोकं आपोआप जागेवर येतं.

दिवाळेकर_नाखवा

मी बेलापूरच्या दिवाळ्याचा. लिहायची सवय नाय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मास्तर बोलले ते समुद्राचं खरं आहे, पण आमच्या बाजूनं ऐका. पहाटे मतलई चालतो, जमिनीवरून दर्याकडं. ऊन चढलं की खारा उठतो, दर्यावरून जमिनीकडं. या दोघांच्या मधी एक वेळ असते. मतलई पडलेला, खारा अजून उठला नाय. पाणी तेलासारखं होतं. तिवरांवरचा बगळा पाण्यात उलटा दिसतो, त्याची चोचसुद्धा हलत नाय. वल्ह्यावरून थेंब पडला तर त्याचा गोल कुठवर जातो ते बघत बसावं. आम्ही म्हणतो, वारा पडला. तुमचा तो काम तोच असणार.

पण आमचा आजा या वेळेला शिव्या घालायचा. त्याची होडी शिडाची. वारा पडला की शीड ओल्या लुगड्यासारखं लोंबतं. मग काय, वल्हं मारा. भरलेली होडी, डोक्यावर ऊन आणि चार माणसं वल्ह्यावर. शांत दर्या म्हणजे हाताला फोड. बापसाच्या वेळी इंजिन आलं तेव्हा कुठं आमच्या घरात शांत दर्याला चांगलं म्हणायला लागले.

आठची_स्लो

म्हणजे नाखव्यांच्या घरी काम म्हणजे कामच!

पेन्शनीत_मास्तर

नाखवा, तुम्ही लिहीत राहा. सवय नाही म्हणता आणि एवढं देऊन जाता.

तुमच्या आज्यांच्या त्या अवस्थेला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, 'बीकाम्ड'. वाऱ्याअभावी खोळंबलेलं जहाज. विषुववृत्ताजवळ वारे मंद असतात, तिथे शिडाची जहाजं दिवसच्या दिवस अशी अडकून पडत. तेव्हा खलाशाच्या तोंडी हा शब्द आला की तो सुटकेचा श्वास नसायचा, पाण्याच्या पिंपात किती उरलंय त्याचा हिशेब असायचा.

ब्रिटिश आरमारातल्या फ्रान्सिस ब्यूफोर्टने १८०५ च्या सुमारास वाऱ्याची मोजपट्टी बसवली, ती अजून वापरतात. शून्य ते बारा. त्यातलं शून्य म्हणजे 'काम'. वारा ताशी एक किलोमीटरपेक्षा कमी, धूर सरळ वर जातो. बारा म्हणजे चक्रीवादळ. समुद्राच्या लाटांचीही अशीच शून्य ते नऊ अंकांची पट्टी आहे, त्यात पहिल्या दोन्ही पायऱ्या 'काम'च्याच, एक आरशासारखी आणि एक जेमतेम शहारे आलेली. दुसऱ्या पायरीवरसुद्धा लाट दहा सेंटिमीटरच्या वर नाही. म्हणजे या शब्दाला चक्क मोजमाप आहे. मनाला लावताना ते हरवलं.

उंबरठा

मी लिफ्टची पाटी विचारली होती हो. 😄 पण चालू द्या, नवऱ्याला वाचून दाखवतेय. त्याने विचारलंय की 'निवांत' का नको?

अनुस्वार

'निवात' हा संस्कृत शब्द म्हणजे जिथे वारा नाही ते. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्याच्या चित्ताला दिलेली उपमा तीच, निवात जागी ठेवलेला दिवा, ज्योत लवत नाही. नाखव्यांचा पडलेला वारा आणि तो दिवा एकत्र ठेवून बघा. इंग्रजांनी आणि आपल्याकडच्यांनी मनाचं चित्र काढायला एकच गोष्ट घेतली, नसलेला वारा.

पण आजच्या 'निवांत'मध्ये वारा नाही आणि योगीही नाही. निवांत म्हणजे हातात चहा, पाय वर, आज सुट्टी. लिफ्टमध्ये 'निवांत राहा' लिहिलंत तर लोक खुर्ची मागतील.

कोपरीकर

'स्वस्थ' कसा वाटतो? स्व-स्थ. स्वतःत उभा असलेला. अर्थाने याच्याइतका जवळचा शब्द सापडणार नाही.

अनुस्वार

अर्थाने हो, वापराने नाही. 'स्वस्थ बस' आपण कोणाला म्हणतो? मध्ये मध्ये करणाऱ्या पोराला. हिंदीवाला शेजारी वाचेल तर त्याला वाटेल तब्येत सांभाळा असं लिहिलंय. गंमत म्हणजे उलट शब्द मात्र नेमका आहे, अस्वस्थ. ती अवस्था आपण बरोबर पकडली, तिच्या विरुद्ध अवस्थेचा शब्द मात्र खोड्या करणाऱ्या पोरांना दिला.

कोपरीकर

मग 'दम धरा'! अस्सल मराठी.

पामबीच_वासी

बंद लिफ्टमध्ये 'दम धरा'?? काकू श्वास रोखून उभ्या राहतील. पंचवीस मिनिटं.

कोपरीकर

😂😂 मान्य. पण शब्द चांगला आहे हे कबूल करा. 'दमानं घ्या' मध्ये श्वास आहेच. इंग्रजीवाले आता अ‍ॅपमधून शिकवतायत की श्वासाकडे लक्ष द्या. आमची आजी नुसतं 'दमानं' म्हणायची. (तीच आजी आम्हाला दमही द्यायची, तो वेगळा.)

टेम्सकाठी

खारघरची, सध्या लंडनमध्ये. इथल्या कॉलेजच्या पोरांच्या तोंडी हा शब्द भलताच वापरात आहे. माझ्या हातून भाचीच्या वहीवर चहा सांडला. मी सॉरी सॉरी करतेय, तर ती म्हणाली, 'इट्स काम.' मी म्हटलं, मी कामच आहे, वही ओली झालीय. तिला म्हणायचं होतं, असू दे, चालतंय. आपल्या 'चिल मार'चं भावंड.

रात्रपाळी

मी बहुतेक वेळा फक्त वाचते. 'शांत' शब्दावर मात्र लिहायला हवं.

मी नर्स आहे, नवी मुंबईत. आमच्या चार्टवर रोज लिहिलं जातं, 'पेशंट काम अँड कोऑपरेटिव्ह'. काही वर्षांपूर्वी एक आजोबा होते, ऑपरेशननंतरच्या दुसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला. वयस्कर माणसांना होतो कधी कधी. सलाईन ओढत होते, मला दरोडेखोर समजत होते. दीड तास आम्ही तिघी त्यांच्याजवळ होतो. साडेतीनला ते झोपले. मुलगा कळव्याला घरी गेलेला, त्याला सांगून ठेवलं होतं की काही झालं तर कळवू. मी फोन लावला आणि म्हणाले, 'बाबा आता शांत झालेत.'

पलीकडे काहीच नाही. मग त्याने अगदी हळू विचारलं, 'किती वाजता?'

मला दोन सेकंद कळलंच नाही तो काय विचारतोय. कळलं तेव्हा मी वॉर्डात जवळजवळ ओरडले, 'अहो झोपलेत! घोरतायत!' त्याला घोरणं ऐकू यावं म्हणून फोन आजोबांच्या तोंडाजवळ नेला.

त्या दिवसापासून मी फोनवर तो शब्द वापरत नाही. नव्या मुलींनाही सांगते. 'झोपलेत, श्वास नीट चालू आहे, बीपी एवढं आहे.' चार्टवर काय लिहायचं ते लिहा.

उंबरठा

अंगावर काटा आला. 'शांत झाले' चा तो अर्थ डोक्यातही नव्हता.

दिवाळेकर_नाखवा

आमच्यात विझला पण म्हणतात. दिवा विझतो तसा. मगाशी तुमचा तो निवातातला दिवा वाचला, तेव्हा तेच आठवलं.

जुनी_पाटी

मला जुन्या पाट्या, पोस्टरं जमवायचा नाद आहे, म्हणून एक जोड.

मगवर, टी-शर्टवर, चादरींवर दिसणारं ते लाल पोस्टर, वर राजमुकुट, खाली 'कीप काम अँड कॅरी ऑन'. लोकांना वाटतं युद्धाच्या वेळी लंडनभर ते लागलेलं होतं आणि त्याच्या आधाराने लोकांनी बॉम्ब झेलले. तसं काही झालं नाही. १९३९ मध्ये ब्रिटिश सरकारच्या माहिती खात्याने तीन पोस्टरं तयार केली. दोन लावली. हे तिसरं सगळ्यांत वाईट दिवसासाठी राखून ठेवलं, शत्रू प्रत्यक्ष येऊन धडकला तर म्हणून. जवळपास साडेचोवीस लाख प्रती छापल्या, पण फार थोड्या भिंतीवर गेल्या आणि पुढच्या वर्षी बहुतेक सगळ्या रद्दीत, लगद्याला. मग २००० साली इंग्लंडच्या उत्तरेला अ‍ॅनिक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला लिलावात घेतलेल्या खोक्याच्या तळाशी एक प्रत घडी घालून ठेवलेली सापडली. त्याने ती दुकानात लावली, गिऱ्हाइकं विकत मागू लागली, आणि पुढचं आपण चादरीवर बघतोच.

म्हणजे ज्यांच्यासाठी छापलं त्यांनी ते जवळपास पाहिलंच नाही आणि तरी ते पार पडले. तुमच्या सेक्रेटरींना सांगा, पाटीवर फार खर्च करू नका, आधी घंटेचं बटण दुरुस्त करा.

आठची_स्लो

+१. शेवटच्या वाक्यासाठी +१००.

खाऱ्या_शेंगा

मुळात लिफ्टमध्ये मराठी पाटी लावायला कमिटीत पाऊण तास वाद होतो हीच शोकांतिका आहे. ठाण्यासारख्या शहरात

प्रशासक

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग आणि त्यावरचे एकोणीस प्रतिसाद अवांतर म्हणून उडवले आहेत. धागा लिफ्टच्या पाटीचा आहे. सर्वांनी शांत राहावे. (अनुस्वार यांच्या तिन्ही अर्थांनी.)

अनुस्वार

'राहावे' बरोबर लिहिलंत. धन्यवाद.

पामबीच_वासी

रच्याकने (रस्त्याच्या कडेने, म्हणजे जाता जाता), 'थंड' कोणी कसा सुचवला नाही? 'डोकं थंड ठेवा.'

पेन्शनीत_मास्तर

ठेवा म्हटलं तर डोक्यापुरतं चालतं. पण माणसाला थंड म्हटलं की तो बिनकामाचा होतो. 'जावई थंड आहे' हे कोणी कौतुकाने म्हणत नाही. इंग्रजीत 'कूल' आणि 'काम' हातात हात घालून फिरतात, आपल्याकडे थंडपणाने माणूस एक तर आळशी होतो नाही तर खून करतो. त्यापेक्षा 'निवणे' बघा काय छान क्रियापद आहे. भात निवतो, चहा निवतो, नातवंडाला पाहून डोळे निवतात. उकळतं होतं, आता हात लावता येतो. कामचं मूळ उन्हात आहे हे कळल्यापासून मला तर हेच त्याचं खरं मराठी भावंड वाटतं. पाटीवर मात्र 'निवा' लिहू नका, लोक नवीन भाडेकरूचं नाव समजतील.

रात्रपाळी

पाटीबद्दल माझं मत रबाळे_शिफ्ट यांच्यासारखं. घाबरलेल्या माणसाला त्याने कसं वाटून घ्यावं ते सांगून उपयोग नसतो. काय होणार आहे ते सांगा. आम्ही सुई टोचताना 'शांत राहा' म्हणत नाही, 'आता टोचणार, तीन मोजा' म्हणतो.

उंबरठा

मंडळी, अपडेट. उशीर झाला, मध्ये गणपती होते.

तुमचा धागा प्रिंट काढून कमिटीत नेला. सेक्रेटरींनी मास्तरांचा उन्हाचा भाग दोनदा वाचला आणि स्वतःच म्हणाले की आता 'काम'चं भाषांतर करायला नको, ते सोडूनच देऊ. बटण दुरुस्त झालं, ते आता वॉचमनच्या केबिनमध्ये आणि दोन्ही गेटांवर वाजतं. पाटी परवा लागली. एका खाली एक चार ओळी:

लिफ्ट थांबली आहे, पडणार नाही.
लाल बटण दाबा.
मोठ्याने हाक मारा.
माणूस येतो आहे.

कोणाचाच एक शब्द घेतला नाही, त्याबद्दल सगळ्यांची माफी. 'पडणार नाही' वर एका सभासदाने हरकत घेतली, की हे लिहून देणारे तुम्ही कोण. लिफ्टच्या कंत्राटदाराला विचारलं. त्याने दोरखंड किती, ते एकूण किती वजन पेलतात, एक तुटला तर काय, आणि वेग वाढला तर रुळाला चावणारा ब्रेक कसा लागतो हे सगळं कमिटीला खाली मशिन दाखवत समजावलं. त्या सभासदाने नंतर सही केली.

काल संध्याकाळी काकू भाजी घेऊन आल्या. मी मुद्दाम थांबले. त्यांनी चष्मा काढून लावला, चारही ओळी वाचल्या, 'हाक मारा लिहिलंत ते बरं केलंत' म्हणाल्या. मग दुसऱ्या लिफ्टने वर गेल्या.